ॲरनच्या जागेवर

हॅमिल्टन, ६ सप्टेंबर

प्रिय कॉन्स्टन्सबाय,

परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, "लिओनेल, तू मला बोलूच देत नाहीस. त्यापेक्षा पत्र लिही, निदान उत्तर तरी देता येईल." म्हणून लिहायला बसलोय. बातमी तशीच आहे, फोनवर सांगितली असती तर तुझे कान दुखले असते.

लुईसला तिकीट मिळालं. आपल्या वसईचा लुईस तुस्कानो, माझ्याच बॅचला शाळेत होता तो, आता कॅनडाच्या खासदारकीच्या पोटनिवडणुकीला उभा आहे. १९ ऑक्टोबरला मतदान. आणि त्याच्या सगळ्या व्हॉलंटियर्सचा प्रमुख कोण, तर मी. स्टील प्लांटमध्ये एकतीस वर्षं क्रेन चालवली, रिटायर झाल्यावर दोन वर्षं टीव्ही बघितला. आता रोज सकाळी आठला नकाशा पसरून बसतो. कुणी कुठल्या गल्लीत दारं ठोठावायची ते मी ठरवतो. काल एका दिवसात चारशे दारं झाली. माझे गुडघे कुरकुरतायत, पण मन पंचविशीत आहे.

एकच अडचण आहे, युद्ध. सामुद्रधुनीत जहाजं पाठवायला लुईसच्या पक्षाचा पाठिंबा आहे आणि इथे दहातली सात माणसं विरोधात. काही जण तोंडावर दार आपटतात. मी लुईसला म्हटलं, या विषयावर जरा गप्प बसू या. तो म्हणाला, "लिओ, तीस वर्षं झाली तरी हे लोक आपल्याला पाहुणेच समजतात. या वेळी आपण पुढे झालो, तर पुन्हा कुणाची तसं म्हणायची हिंमत होणार नाही." मला ते पटलं. आणि तो नुसता बोलत नाही. त्याचा ॲरन नौदलात आहे, हे तुला मी काय सांगणार. तुझ्याच टेबलावर दर रविवारी जेवतो तो. आमच्या पोस्टरवर बाप-लेक शेजारी उभे आहेत, ॲरन युनिफॉर्ममध्ये, खाली मोठ्या अक्षरांत: सुरुवात माझ्या घरापासून. ही ओळ मला सुचली. बघून डोळ्यांत पाणी येतं गं.

ॲरन सध्या रजेवर घरी आलाय. अठराला त्याचं जहाज तुमच्या हॅलिफॅक्सहून निघणार ना? त्याला निरोप द्यायला जा, आमच्या सगळ्यांच्या वतीने.

तुझा,
लिओनेल

*

हॅलिफॅक्स, ११ सप्टेंबर

प्रिय लिओनेल,

तुझं पत्र मी फेरीबोटीत वाचलं. हसू आलं म्हणून शेजारच्या बाईने विचारलं, गुड न्यूज? मी म्हटलं, माझा मावसभाऊ पुन्हा तरुण झालाय.

लुईसचं अभिनंदन. पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही, हे युद्ध मला पटत नाही. इथे हॉस्पिटलच्या किचनमध्ये माझ्यासोबत दोघी अशा आहेत की ज्यांचे नवरे त्या जहाजावर जाणार आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्या हल्ली काही बोलत नाहीत. आमच्या बियांकाचं म्हणशील तर माझी पोर सुटली आहे. नौदलात तिचं आणि ॲरनचं काम एकच, इंजिन रूममधलं, पण तिला डिसेंबरपर्यंत कोर्स लावलाय, म्हणून ती किनाऱ्यावर. मला मनातून बरं वाटलं आणि मग त्या दोघींकडे बघून लाज वाटली. बियांका तर चिडलीच आहे. "मम्मा, ऑल माय फ्रेंड्स आर गोइंग," असं म्हणत दिवसभर घरात आदळआपट करते.

ॲरन गेल्या महिन्यात आला होता तेव्हा फारच गप्प होता. दोनदा वाढलं तरी पहिलंच ताटात तसंच. त्याला भीती वाटत असेल तर त्यात काही वाईट नाही, हे कुणीतरी त्याला सांगायला हवं. मी सांगणार होते, पण बियांकाने मध्येच विषय बदलला. तू सांग. तुझं तो ऐकतो.

अठराला मी धक्क्यावर असेनच.

कॉन्स्टन्स

*

हॅमिल्टन, १६ सप्टेंबर

प्रिय कॉन्स्टन्सबाय,

घाईत लिहितोय. बाहेर गाडीत तीन पोरी लॉन साइन, म्हणजे लोकांच्या अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्या, घेऊन बसल्या आहेत आणि मधली हॉर्न वाजवते आहे.

आधी वाईट बातमी. ॲरन गेल्या गुरुवारी बेसमेंटच्या जिन्यावरून घसरला. पाठीला मार बसलाय. लुईसचा फोन आला तसा मीच त्याला गाडीत घालून डॉक्टर शशिकांतांकडे नेलं. ते लुईसच्या ओळखीचे, लगेच तपासलं. सहा आठवडे प्रवास बंद, तसं लेखी दिलं. म्हणजे जहाज त्याच्याशिवाय जाणार. पोरगा वाटेत एक शब्द बोलला नाही. केवढी निराशा झाली असेल, विचार कर. त्याची आई जॉर्जिना रडत होती. लुईसने तिला समजावलं, देवाची इच्छा.

तू सांगितलेलं मी त्याला सांगायला गेलो होतो, पण असल्या प्रसंगी ते बोलणं मला बरं वाटलं नाही.

आता चांगली बातमी. शनिवारी प्रचाराच्या ऑफिसचं उद्घाटन झालं. दोनशे माणसं आली, खुर्च्या कमी पडल्या, फादरनी आशीर्वाद दिला. मी भाषण केलं. पहिल्यांदाच माइक हातात धरला आणि मग सोडवेना. सोबत फोटो पाठवतोय, मधोमध लाल टाय लावलेला मी. फ्रिजवर लाव.

लिओनेल

*

हॅलिफॅक्स, २२ सप्टेंबर

प्रिय लिओनेल,

बियांका गेली.

सोळाला संध्याकाळी पाचला फोन आला. जहाजावर एक माणूस कमी पडलाय, इंजिन रूममधला, तू येशील का असं नाही, तू येते आहेस. हातात दोन दिवस. ती स्वयंपाकघरात उभी होती, फोन ठेवला आणि मला उचलून गोल फिरवलं. एकसष्ट वर्षांच्या बाईला. मग आम्ही दोघी धावत सुटलो. मोजे, औषधं, तिला हवा तोच शॅम्पू. कपड्यांच्या बॅगेत मी जपमाळ टाकली, ती तिने काढून खिशात ठेवली. त्या दोन दिवसांत मला घाबरायला वेळच मिळाला नाही.

अठराला धक्क्यावर काय गर्दी होती. बँड वाजत होता, लहान मुलं बापाच्या खांद्यावर, आणि गेटबाहेर युद्धाला विरोध करणारे पाट्या घेऊन उभे. त्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्या हातातली पिशवी धरून मला गर्दीतून पुढे काढलं. पाटी दुसऱ्या हातात तशीच. म्हणाला, "गो वेव्ह टू युअर गर्ल." जहाज सरकलं तेव्हा सगळे डेकवर ओळीने उभे होते. मला ती सापडेना. मग एक हात हलवायची परवानगी नसताना हलला, तेव्हा कळलं.

कमी पडलेला माणूस म्हणजे ॲरन. झोपायच्या बंकवर त्याच्या नावाची चिठ्ठी होती म्हणे, ती काढून हिची लावली.

तुझा फोटो फ्रिजवर लावलाय. तू छान दिसतोस. पण तुझ्या टायच्या मागे, भिंतीशी, ॲरन आहे. खांद्यावर लॉन साइनचा गठ्ठा घेऊन तो वाकून दुसरा उचलतो आहे. फोटो आधीचा असेल, चुकून आला असेल. मला कळव.

कॉन्स्टन्स

*

हॅमिल्टन, २६ सप्टेंबर

प्रिय कॉन्स्टन्सबाय,

बियांकाची बातमी वाचून छाती फुगली. इथे ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. लुईस स्वतः म्हणाला, कॉन्स्टन्सला माझा सलाम सांग.

फोटो आधीचाच आहे. मी पाकिटात दुसरा टाकणार होतो, गडबडीत हा गेला.

काम जोरात आहे. पूर्वेकडच्या नऊ गल्ल्या पूर्ण झाल्या. ९ तारखेला पॅरिश हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची सभा आहे आणि माइकची व्यवस्था माझ्याकडे. तू काळजी करू नकोस, ती सगळी जहाजं लांबूनच पहारा देतात.

लिओनेल

*

हॅलिफॅक्स, १ ऑक्टोबर

लिओनेल,

फोटोत तुझ्या डाव्या हाताला उद्घाटनाचा केक आहे. त्यावर क्रीमने तारीख लिहिली आहे, १२ सप्टेंबर. ॲरन पडला गुरुवारी, म्हणजे दहाला.

मंगळवारपासून जहाजाशी बोलणं बंद आहे. बातम्यांत दाखवलं, त्यांच्यापासून काही मैलांवर एका तेलवाहू जहाजावर ड्रोन पडला. नौदलाच्या बाईंचा फोन आला. सगळे सुखरूप आहेत, पण मुलांकडून काही दिवस फोन येणार नाही. तीन दिवस मी कामाला जाते, चारशे ताटं वाढते, घरी येते आणि टीव्हीसमोर उभी राहते. बसवत नाही.

मी ॲरनवर रागावलेली नाही. भीती कुणालाही वाटते. बियांकाला कुणी विचारलं असतं तरी ती गेलीच असती, हेही मला माहीत आहे. पण तिला कुणी विचारलं नाही. आणि जो माणूस दुसऱ्यांच्या मुलांना पाठवा म्हणून दारोदार सांगत फिरतो, त्याने आपला मुलगा मात्र घरात ठेवला.

तुला मी काही विचारत नाही, कारण तू पुन्हा खोटं लिहिशील आणि मग मला तुला पत्र लिहावंसं वाटणार नाही. एवढंच कर. हे पत्र ॲरनला वाचून दाखव. त्याला मराठी वाचता येत नाही, पण कळतं.

कॉन्स्टन्स

*

हॅमिल्टन, ११ ऑक्टोबर

प्रिय कॉन्स्टन्सबाय,

हे पत्र पोचेल त्याच्या आधी ॲरन तुझ्या दारात येऊन गेला असेल. तरी सगळं क्रमाने लिहितो, कारण तुझ्याशी खोटं बोललो ते मी, आणि खरं सांगायचंही मीच.

डॉक्टरांकडे नेलं त्या दिवशी मला काही माहीत नव्हतं. पण ॲरन गाडीतून उतरला तो टुणकन, दाराला हातसुद्धा न लावता. ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. शनिवारी त्याने गठ्ठे उचलले तेव्हा मी त्याला म्हटलं, "अरे, पाठ." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलंच नाही. त्यानंतर लुईसने त्याला ऑफिसात आणणं बंद केलं. लोकांनी विचारलं की तो म्हणायचा, ॲरन ईस्ट कोस्टला आहे. मी शेजारी उभा असायचो. मीही मान हलवायचो. बाय, मला इतकं बरं वाटत होतं या सगळ्यात. सकाळी उठायला कारण होतं. ते मला सोडवेना.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. शुक्रवारी दुपारी लुईस ऑफिसात सभेची तयारी करत होता, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. जॉर्जिनाने दार उघडलं. माझ्या हातातलं पाकीट बघून ती बाजूला झाली. ॲरन खाली बेसमेंटमध्ये होता, दाढी वाढलेली, टीव्हीवर तू बघतेस त्याच बातम्या. मी पत्र वाचलं. तुझी ताटं, टीव्हीसमोर उभं राहणं, सगळं. "बियांकाला कुणी विचारलं नाही" इथे आल्यावर तो म्हणाला, "वेट. बियांका? बियांकाज ऑन द शिप?"

त्याला माहीत नव्हतं. त्याचा फोन लुईसने काढून घेतला होता, पत्रकार गाठतील म्हणून. आणि सांगितलं होतं की जायला उत्सुक असलेला एक जण आधीच रांगेत उभा आहे, तुझ्यामुळे त्याला संधी मिळेल.

मी विचारलं, "जायचं नव्हतं का तुला?"

तो म्हणाला, "आय वॉज स्केर्ड, अंकल. आय टोल्ड डॅड आय वॉज स्केर्ड. आय थॉट ही'ड से, गो एनीवे. ही सेड, आय'ल फिक्स इट." मग उठून दाढी करायला गेला.

सभा सातला होती. हॉल भरलेला, दोनशे तरी माणसं. मी माइक घेऊन खुर्च्यांमधून फिरत होतो. युद्धाचा प्रश्न येणारच होता, तो आला. नीलिमा नावाच्या एका बाईने विचारलं, तिचा भाऊ सैन्यात आहे म्हणे, "मिस्टर तुस्कानो, पोस्टरवरचा तुमचा मुलगा आज कुठे आहे?" लुईस उभा राहिला, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाला, "माझा मुलगा आज तिथे आहे, जिथे त्याच्या देशाला त्याची गरज आहे." टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबायच्या आत मागचं दार उघडलं. ॲरन युनिफॉर्ममध्ये आत आला, टोपी काखेत. मधल्या वाटेने चालत माझ्यापाशी आला आणि हात पुढे केला. मी माइक दिला.

तो म्हणाला, "आय वॉज इन द बेसमेंट, डॅड."

मग तो लोकांकडे वळला. "देअर इज नथिंग राँग विथ माय बॅक. समबडी वेंट इन माय प्लेस. हर नेम इज बियांका. आय'म गोइंग बॅक टु हॅलिफॅक्स टुमॉरो." मला माइक परत दिला, थँक यू म्हणाला आणि निघून गेला. त्याच्या बुटांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता.

मी स्टेजकडे बघितलं नाही. माइक खुर्चीवर ठेवला आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडलो. बाहेर माझ्या अंगात वीज खेळत होती, बाय. चारशे दारं ठोठावली त्या दिवशीसुद्धा असं वाटलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्याला विमानतळावर सोडलं. तुझ्यासमोर जायची माझी छाती नाही, म्हणून तोच एकटा आला.

लिओनेल

*

हॅमिल्टन, २२ ऑक्टोबर

प्रिय कॉन्स्टन्सबाय,

तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. तरी निकाल कळवतो. लुईस निवडून आला, दोनशे बारा मतांनी.

मला वाटलं होतं, तो सपाटून पडेल. पण लोकांना घरभाडं आणि ग्रोसरी जास्त महत्त्वाची वाटली. आणि लुईसने तीन दिवसांत नवीन पत्रक काढलं, "आजारातून उठताच मुलगा पुन्हा सेवेत. वडिलांना अभिमान." ते पत्रक वाटायला मी नव्हतो, एवढंच सांगू शकतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "लिओ, तू मला संपवायला निघालास. एकुलता एक मुलगा आहे माझा. बाप म्हणून केलं मी."

मी म्हटलं, "बाप म्हणून केलंस ते मला कळतं, लुईस. मी बाप असतो तर कदाचित मीही केलं असतं. मग बापासारखाच बोलायचं होतंस. माइकवर जाऊन सांगायचं होतंस की मला भीती वाटते, माझा मुलगा जाऊ नये, कुणाचाच जाऊ नये. सगळं शहर तुझ्यामागे उभं राहिलं असतं. मीही."

तो म्हणाला, "तसं बोलून तिकीट मिळत नाही."

तो उठून गेला. विजयाच्या पार्टीत स्टेजवर जॉर्जिना नव्हती, असं ऐकलं. कुठे आहे ते कुणाला माहीत नाही.

बियांकाची काही खबर? एक ओळ लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

लिओनेल

*

हॅलिफॅक्स विमानतळ, ५ नोव्हेंबर

प्रिय लिओनेल,

समोर बोर्ड आहे. बियांकाचं विमान दोन वाजून चाळीसला येणार, असं दाखवतंय. मी साडेबारापासून येऊन बसले आहे. हातांना काही काम हवं, म्हणून लिहिते.

ॲरन तुझ्याकडून निघाला त्याच दिवशी दुपारी माझ्या दारात उभा होता. आत ये म्हटलं तर येईना. "आंटी, आय'म सॉरी" एवढं एकच दहा वेळा. मग मी कोट घातला आणि त्याच्यासोबत बसने नौदलाच्या तळापर्यंत गेले. गेटच्या आत तो एकटा गेला. चौकशी झाली, त्याने सगळं सांगितलं, डॉक्टरांचं नावसुद्धा. शिक्षा व्हायची ती होईल. पण त्याने लेखी मागितलं की आधी मला जहाजावर पाठवा. सोमवारी तो बदलीच्या तुकडीबरोबर निघाला. त्याच्या जागेवर गेलेली माझी मुलगी तिथून परत निघाली. वाटेत एका बंदरावर दोघांची भेट झाली. फोनवर बियांका म्हणाली, "मम्मा, मी त्याला जवळ घेतलं नाही. आय हँडेड हिम माय टूल बॅग. कुठला पंप कुरकुरतो ते सांगितलं. मग जवळ घेतलं."

जॉर्जिना इथे आहे. निकालाच्या दिवसापासून इथे आहे, माझ्याकडेच राहते. सोमवारी ॲरनला सोडायला आम्ही दोघी गेलो होतो. तो दिसेनासा झाल्यावर ती म्हणाली, "कॉन्स्टन्स, मला माहीत होतं. बियांका गेली हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लुईसने ॲरनपासून लपवलं आणि मीसुद्धा तोंड उघडलं नाही. मी चर्चमध्ये बसून तुझ्या मुलीसाठी प्रार्थना करायचे आणि घरी येऊन माझ्या मुलाला जेवायला वाढायचे."

मी तिच्या खूप जवळ उभी होते. वाटलं, हिच्या थोबाडीत मारावी. खरंच वाटलं. मग तिचा चेहरा बघितला. सप्टेंबरात तो माझा होता. तेच टीव्हीसमोर उभं राहणं आता हिच्या वाट्याला आलंय. मी तिला घेऊन बसकडे वळले. रात्रीसाठी भात जरा जास्त लावला. माफ केलं की नाही ते मला अजून माहीत नाही, विचारू नकोस.

आज तिलाही घेऊन आले आहे. ती पलीकडे खिडकीशी उभी आहे, बियांकासमोर यायला घाबरते.

तुझं खोटं मला लागलं, लिओनेल. पण पत्र तू वाचून दाखवलंस आणि माइक तू दिलास. नाताळाला ये. रिकाम्या हाताने ये, रिकाम्या मनाने येऊ नकोस, मला तुझी बडबड ऐकायची आहे. या वेळी मधे मधे मीही बोलेन.

बोर्डावर बदललं. विमान उतरलं.

दारातून माणसं यायला लागली. एक म्हातारा, एक बाई, दोन मुलं. एक उंच मुलगी, ती नाही. युनिफॉर्ममधले तिघे. त्यांच्या मागे कुणीतरी हात वर केलाय, टोपी उलटी, केस केवढे कापलेत, लिओनेल, ती